गाझीकाका तापू नयेत म्हणून

इब्तिहालचा लॅपटॉप तिच्या गाझीकाकांवर गेला होता. दिसायला भारदस्त, आवाज मोठा, आणि तापायला कारण लागायचं नाही. फरक एवढाच की लॅपटॉप फार तापला की आपसूक बंद पडायचा. काकांची तशी काही सोय नव्हती.

आणि त्या गुरुवारी या दोघांना एकत्र नांदवायचं होतं. काका स्वीडनमध्ये, माल्मो नावाच्या गावी राहत. इब्तिहालचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मुलगी द्यायची की नाही हे सांगायचा मान थोरल्या चुलत्याचा. आणि काकांनी इराकमध्ये, बसऱ्याला इब्तिहालच्या घरी, यायला नकार दिला होता. कारण म्हणून ते गुडघे पुढे करायचे, पण खरं कारण बसऱ्याचा जुलै होता, आणि ज्याने बसऱ्याचा जुलै एकदा काढला आहे तो त्यांना नावं ठेवणार नाही. तेव्हा काका लॅपटॉपच्या पडद्यावरून बैठकीला हजर राहणार असं ठरलं.

बैठकीची रीत अशी, की मुलाकडची वडीलधारी मंडळी येतात, त्यांना कॉफी दिली जाते, आणि त्यांच्यातला मुख्य माणूस कप हातात घेतो, पण ओठाला लावत नाही. समोर जमिनीवर ठेवतो आणि म्हणतो, ज्यासाठी आलो ते मिळाल्याशिवाय तुमची कॉफी पिणार नाही. मग मुलीकडच्या मुख्य माणसाने म्हणायचं, "प्या." बस, हा एक शब्द. तो निघाला की लग्न ठरलं. नाही निघाला आणि मंडळी कप तसाच ठेवून उठली, तर ते लग्न तिथंच मेलं. पुन्हा विचारायला कुणी येत नाही. दोन्ही घरची माणसं बाजारात समोरासमोर आली तर टोमॅटो बघत उभी राहतात.

"आई, फोनवरच बोलू दे ना काकांना," इब्तिहाल म्हणाली होती.

"विचारलं मी. म्हणाले, फोनवर मेंढ्या विकतात, मुली देत नाहीत. मला सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत, आणि सगळ्यांना माझं, तेही फोनच्या टिचभर काचेत नाही."

"आणि मधेच बंद पडलं तर?"

आईने मिरच्या निवडणं थांबवलं. बोलताना मधेच फोन तुटला म्हणून काकांनी सख्ख्या मेव्हण्याशी कित्येक वर्षं अबोला धरला होता. तारा तुटल्या, वीज गेली, असली कारणं त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या हिशेबी तो तोंडावर आपटलेला दरवाजा होता. "मधेच बंद पडलं," आई म्हणाली, "तर तू माझ्याजवळच राहशील. मला काय, बरंच आहे."

इब्तिहालला हसू आलं नाही. तिला मुअम्मल हवा होता. ती शाळेत गणित शिकवायची, तो भूगोल. शिक्षकांच्या खोलीत एकच पंखा धड चालायचा आणि त्याखालची खुर्ची मुअम्मलची होती. एके दिवशी तिचा लॅपटॉप निकालपत्रकं करता करता घरघरायला लागला, तेव्हा तो काही न बोलता उठला, लॅपटॉप आपल्या जागी सरकवला, आणि स्वतः खिडकीपाशी घाम पुसत उभा राहिला. बसऱ्यात पंख्याखालची जागा सख्खा भाऊ सख्ख्या भावाला देत नाही. त्या दिवसापासून तिने दुसऱ्या कुणाचा विचार केला नव्हता. आणि आता सगळं त्या घरघरणाऱ्या डबड्यावर येऊन अडलं होतं. चित्र आणि आवाज दोन्ही चालू असले की ते जेमतेम पाव तास टिकायचं. काकांच्या नमनालाच घडाभर तेल लागायचं.

घरात हे कळल्यावर सल्ल्यांचा पूर आला. पहिला उपाय आईने न विचारताच केला. आईचं सगळं आयुष्य धुळीशी भांडण्यात गेलं होतं. वाळवंटाकडून वादळ आलं की ती खिडक्यांच्या फटींना, दाराच्या चौकटींना, कुलपाच्या भोकालासुद्धा चिकटपट्टी लावायची. लॅपटॉप उलटा करून बघितला तर खाली ही भोकंच भोकं. तिने ती मन लावून बुजवून टाकली.

"आई, तो श्वास घेतो त्यातून," इब्तिहाल नखाने पट्ट्या काढत म्हणाली.

"धूळ जाईल त्यात."

"जाऊ दे."

"आणि मग म्हणू नकोस, आईने सांगितलं नाही," आई म्हणाली, आणि भोकं बुजवू देत नाहीत तर निदान अंगभर काहीतरी असावं म्हणून तिने लॅपटॉपला मखमली झूल शिवायला घेतली. जांभळी, कडेने सोनेरी गोंडे.

दुसरा उपाय रहीममामांचा. मामा अशारच्या बाजारात मासे विकायचे, आणि थंड ठेवणं या विषयात आपल्यापुढे कुणी नाही असा त्यांचा समज होता. "मी टोपल्या टोपल्या पापलेट भर उन्हात ताजं ठेवतो," ते म्हणाले, "आणि तुझा हा एक डबा थंड ठेवता येणार नाही? पापलेटला जीव नाही, यालाही नाही. फरक काय?" दुसऱ्या दिवशी ते दुकानातलं पत्र्याचं ताट बर्फाने भरून घेऊन आले आणि लॅपटॉप त्यावर निजवला.

त्या दिवशी शर्जी सुटली होती. समुद्राकडून येणारा तो ओला वारा सुटला की भिंतींना घाम येतो, काड्यापेटी पेटत नाही, आणि गार वस्तू बाहेर काढली की ती रडायला लागते. लॅपटॉपही रडायला लागला. कळांच्या फटींतून थेंब वर आले. इब्तिहालने झडप घालून तो उचलला, पुसला, केस वाळवायच्या यंत्राने वाळवायला गेली तर तो आणखी तापला. पुढचे दोन दिवस त्याला पापलेटचा वास येत होता आणि शेजारची मांजर त्याच्यापुढून हलायला तयार नव्हती.

"वासाने काय बिघडलं?" मामा म्हणाले. "काकांना काय, पडद्यातून वास येतो?"

शेवटी इब्तिहालने दोघांनाही खोलीबाहेर काढलं आणि स्वतः डोकं चालवलं. रंगाच्या मऊ ब्रशने आतली धूळ झाडली. नको ती सगळी कामं बंद केली, पडद्याचा उजेड मंद केला. बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून, एक उघडं लाकडी टेबल ठेवलं. त्यावर चहाचे दोन पेले पालथे घातले आणि लॅपटॉपची मागची बाजू त्यांवर टेकवली, म्हणजे खालून वारा खेळेल. मागे एक छोटा पंखा. मोठं थंड हवेचं यंत्र गल्लीतल्या जनरेटरवर चालत नव्हतं. जनरेटरवाल्याने दिलेली वीज छताचा पंखा, हा छोटा पंखा आणि दिवा एवढ्यालाच पुरायची, आणि सरकारी वीज दुपारी येईल अशी आशा बसऱ्यात लहान मुलंसुद्धा धरत नाहीत.

मग तिने मामांना पलीकडच्या खोलीत बसवलं आणि तासभर बोलायला सांगितलं. मामांना तासभर बोलायला लावणं काही कठीण नव्हतं. माशांच्या भावापासून सुरू झाले ते तुर्कांच्या राज्यापर्यंत जाऊन आले, आणि लॅपटॉप टिकला. कोमट झाला, पण टिकला. इब्तिहाल त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

गुरुवारी दुपारची नमाज आटोपून मंडळी आली. सगळे पुरुष, सगळे इस्त्रीचे, सगळे घामाने भिजलेले. सर्वांत पुढे मुअम्मलच्या घराण्यातले सगळ्यांत वडील, अबू सत्तार. ज्यांना मानापमानाचा वास दुरून येतो अशा माणसांपैकी ते एक. सर्वांत मागे मुअम्मल, नवऱ्यामुलाने बसायचं तसा मान खाली घालून, दाराशी.

बायकांनी बैठकीत यायचं नसतं. इब्तिहाल स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्याआड उभी होती, लॅपटॉपच्या पाठीमागे हातभर अंतरावर. छोटा पंखा तिच्याच हाताशी होता. काका लॅपटॉपवर आले होते. कोट, टाय, मागे कपाटात न वाचलेली जाड पुस्तकं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

अबू सत्तार बसले नाहीत. ते लॅपटॉपकडे बघत उभे राहिले.

"हे काय?" ते म्हणाले. "हाजी गाझी कुठे बसलेत हे?"

"तिथे हवा लागते त्यांना," रहीममामा म्हणाले.

"हवा? म्हणजे? ते पापलेट आहेत का?" अबू सत्तारांचा आवाज चढला. "या घरात थोरल्या माणसाला स्वयंपाकघराच्या तोंडाशी बसवतात? चहाचे पेले मांडायच्या जागी? आम्ही कुणाकडे मुलगी मागायला आलोय, घरच्या मालकाकडे की आचाऱ्याकडे?"

पडद्यावरचे काका आतापर्यंत सगळ्यांना सलाम करत होते. ते थांबले. "मी कुठे बसलोय?" त्यांनी विचारलं.

"स्वयंपाकघरापाशी, हाजी."

"उचला मला," काका म्हणाले.

झालं. पडद्याआड इब्तिहालने कपाळाला हात लावला. चार जणांनी अदबीने लॅपटॉप उचलला आणि खोलीच्या वरच्या अंगाला, मानाच्या जागी नेला. तिथे आधी गादी, गादीवर मखमली उशा, आणि उशांवर काका. पाठीला टेकायला आणखी एक लोड. एवढ्यात आईने रहीममामांच्या हाती जांभळी झूल पाठवली. ती काकांच्या खांद्यांवरून पांघरली गेली. लॅपटॉप गळ्यापर्यंत मखमलीत रुतला. नुसता चेहरा वर राहिला.

"आता कसं शोभतं," आई इब्तिहालच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली.

"आई, ते भाजून निघतील."

"अशुभ बोलू नकोस."

मग पाहुणचार सुरू झाला. पहिला कप थोरल्याला, म्हणून वाफाळलेली कॉफी लॅपटॉपसमोर ठेवली गेली. मग धूपदाणी फिरली. तीसुद्धा पहिली थोरल्याला. फुललेले निखारे आणि त्यावर ऊद, चांगला तीनदा ओवाळून पडद्याखाली धरला, का तर काकांना वास घेता यावा. काकांनी माल्मोत डोळे मिटून वास घेतला. इब्तिहालला वाटलं, आता एखादी शेगडी तेवढी आणून मांडीवर ठेवायची राहिली आहे. मान देण्यात हे लोक कधी कमी पडले नाहीत, आणि त्या मानापायीच आज तिचं सगळं जळून जाणार होतं.

अबू सत्तारांनी कप घेतला, समोर ठेवला, घसा साफ केला आणि रीतीप्रमाणे बोलले, थोडक्यात आणि नेमकं. आम्ही आपला दरवाजा ठोठावला आहे, आपली मुलगी आमच्या मुलाला द्या, त्याशिवाय ही कॉफी आम्हाला वर्ज्य. आता काकांनी फक्त एक शब्द बोलायचा होता.

काका म्हणाले, "अबू सत्तार, शब्द देण्याआधी माणसाने मागे वळून बघावं. माझे पणजोबा जेव्हा फाव बंदराहून पहिल्यांदा खजुरांची होडी घेऊन निघाले..."

लॅपटॉपच्या पोटातला पंखा घरघरला. इब्तिहालने तो आवाज ओळखला. होडी अजून बंदरातून सुटलीही नव्हती.

"मामा," तिने पडद्याच्या फटीतून कुजबुजत हाक मारली. रहीममामा मागे सरकले. "मामा, त्यांना उशांवरून उचला. खालून वारा लागला पाहिजे."

"आता? भर बैठकीत? अपमान होईल त्यांचा."

"बंद पडले तर काय होईल?"

मामांना ते पटलं. त्यांनी डोळे बारीक करून विचार केला, आणि मामांनी विचार केला की काय होतं हे इब्तिहालला माहीत होतं. ते उठले, स्वयंपाकघरात शिरले, बर्फाची पिशवी घेऊन बाहेर आले, वाकत वाकत मानाच्या जागेपर्यंत गेले आणि पिशवी सगळ्यांत खालच्या उशीखाली सारली. वर काका, त्याखाली लॅपटॉप, त्याखाली उशांचा ढीग, आणि त्याखाली बर्फ. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

"रहीम," अबू सत्तार म्हणाले, "तू हाजींच्या खाली काय घालतोयस?"

"काही नाही. बर्फ."

"काय घातलं माझ्याखाली?" काकांनी विचारलं.

"बर्फ, हाजी. तुम्हाला गरम होऊ नये म्हणून."

"वर्षातले सहा महिने मी बर्फच बघतो," काका म्हणाले. "काढ तो. हां, तर होडी जेव्हा शत्त नदीच्या वळणावर आली..."

मामा पिशवी घेऊन परत आले. गादीवर एक ओला डाग पसरला आणि कुणीतरी पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्याकडे बघितलं. कॉफीचे कप रांगेने जमिनीवर गार होत होते. जे गार राहायला हवं ते तापत होतं, आणि जे गरम प्यायचं ते गार पडत होतं, आणि काका अजून पणजोबांच्या पहिल्या बायकोपर्यंतसुद्धा पोचले नव्हते.

एवढ्यात घरघर बदलली. आतापर्यंत जाड होती, ती बारीक झाली, उकळत्या किटलीच्या शिट्टीसारखी. इब्तिहालने तोही ओळखला. हा शेवटचा आवाज. यानंतर लॅपटॉप फार तर एक-दोन मिनिटं तग धरायचा आणि मग पडदा काळा. काका काळे. सगळंच काळं.

खोलीत हा आवाज आणखी एकालाच ओळखू आला. मुअम्मलने दाराशी बसल्या बसल्या मान वर केली. नवऱ्यामुलाने मान वर करायची नसते. त्याने लॅपटॉपकडे बघितलं, मग सरळ स्वयंपाकघराच्या पडद्याकडे.

इब्तिहालने पडद्यातून हात बाहेर काढला. तळवा वर केला आणि हळूच उचलला. उचल. आईने तिचा दंड धरून मागे ओढलं, पण हात दिसायचा त्याला दिसला होता.

मुअम्मल उठला.

"बस खाली," त्याचा कुणी काका पुटपुटला. तो बसला नाही. तो पाहुण्यांच्या मधून, कप चुकवत, मानाच्या जागेपर्यंत गेला आणि गुडघ्यांवर बसला. लॅपटॉपमधले काका बोलायचे थांबले.

"हाजी," मुअम्मल म्हणाला, "आमची चूक झाली. एवढ्या मोठ्या माणसाला आम्ही जमिनीलगत बसवलं. तुमची जागा आमच्या डोक्यावर आहे."

आता, बसऱ्यात हे वाक्य माणूस उठता बसता बोलतो. भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागितली तरी तो म्हणतो, डोक्यावर, बाई. पण खरोखर कुणाला डोक्यावर घेताना बसऱ्याने आजवर पाहिलेलं नव्हतं. मुअम्मलने झूल बाजूला केली, दोन्ही हातांची बोटं लॅपटॉपच्या कडांखाली घातली, तो उचलला आणि डोक्यावर उंच धरून उभा राहिला. मग दोन पावलं मागे आला. बरोबर छताच्या पंख्याखाली.

खालून, वरून, चारी बाजूंनी वारा. शिट्टी उतरली. पुन्हा जाड घरघर झाली, मग नुसती गुणगुण. पडद्याआड इब्तिहालने आईला मिठी मारली आणि आईने, कशासाठी ते न कळताही, तिच्या पाठीवर थोपटलं.

अबू सत्तार आधी चिडले, मग विचारात पडले, आणि मग त्यांना ते आवडलं. "पोरगं आमचं आहे," ते शेजाऱ्याला म्हणाले. आणि काका? काका त्या उंचीवरून सगळी बैठक बघत होते. कुणाच्याही घरात एवढ्या उंचावर ते कधी बसले नव्हते. त्यांचा चेहरा फुलला.

"वा," ते म्हणाले. "आता दिसतंय सगळं. तो मागे भिंतीला टेकलेला कोण? जागा हो रे बाबा. हां. मघाशी मला कुणाचं तोंडच नीट दिसत नव्हतं, म्हणून माझं चित्त लागत नव्हतं. आता पहिल्यापासून सांगतो. माझे पणजोबा जेव्हा फावहून..."

इब्तिहालने पडद्याच्या कापडाचा बोळा तोंडात धरला.

होडी पुन्हा निघाली. पुन्हा शत्तच्या वळणावर आली. खजूर उतरले, विकले गेले, पणजोबांनी जमीन घेतली, पहिली बायको केली, तिचे भाऊ भांडायला आले. लॅपटॉप शांत होता. मुअम्मल मात्र घामाने निथळत होता. त्याचे खांदे आधी आखडले, मग कोपर हलायला लागले. तो एकदाही खाली बघत नव्हता, वरही नाही. समोरच्या भिंतीवर नजर ठेवून उभा होता, आणि इब्तिहाल त्याच्या हातांकडे बघत होती, आणि तिला पणजोबांचा, त्यांच्या बायकोचा आणि तिच्या सगळ्या भावांचा मनापासून राग येत होता.

दुसऱ्या बायकोच्या वेळी हात थरथरायला लागले.

"...आणि तेव्हा त्या बाईने," काका म्हणाले आणि थांबले. "बसरा हलतोय का?"

"नाही, हाजी."

"हलतोय. सगळे डावीकडे जाताय तुम्ही." त्यांनी टाय सैल केला. "आता उजवीकडे. अबू सत्तार, एका जागी बस."

"मी बसलोय, हाजी. तुम्हीच हलताय."

"मला असलं सोसत नाही," काका म्हणाले. त्यांचा रंग उतरला होता. "मला मेलं होडीतही बसवत नाही. पोरा, खाली ठेव मला. मळमळतंय."

सगळ्यांनी मुअम्मलकडे बघितलं. थरथर दंडापर्यंत आली होती. लॅपटॉप वाऱ्यावरच्या फांदीसारखा डोलत होता आणि त्यातले काका डोळे मिटून घेत होते आणि पुन्हा उघडत होते.

"काका," मुअम्मल म्हणाला, "तुम्ही 'प्या' म्हणाल तेव्हाच मी तुम्हाला खाली ठेवीन."

असं कधी कुणी बोललं नव्हतं. अबू सत्तारांनी मिशीवरून बोट फिरवलं. रीत मोडली होती की वाढली होती, हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "बरोबर आहे, हाजी. आमचा कप खाली आहे, तुम्ही वर आहात. कप वर गेल्याशिवाय तुम्ही खाली कसे याल?"

"मी विचार करतोय," काका म्हणाले. मुअम्मलचा डावा हात अचानक खचला. काका झोकांडीत एका बाजूला गेले, परत आले, आणि त्यांनी माल्मोतली टेबलाची कड घट्ट पकडलेली सगळ्यांनी पाहिली.

"प्या," काका म्हणाले.

"नीट ऐकू आलं नाही, हाजी," अबू सत्तार म्हणाले. त्यांना नीट ऐकू आलं होतं.

"प्या म्हणतोय. मुलगी दिली. सगळ्यांसमोर दिली, अल्लाह साक्षी आहे. प्या एकदाची ती कॉफी आणि या पोराला सांगा मला टेकव म्हणून."

अबू सत्तारांनी कप उचलला आणि गारढोण कॉफी एका घोटात संपवली. मागोमाग सगळ्यांनी. मग तोंडं वाकडी न करता सगळ्यांनी हात वर करून फातिहाची प्रार्थना म्हटली. स्वयंपाकघरात आईने जिभेने अशी किलकारी घातली की गल्लीतल्या बायकांनी आपापल्या गच्च्यांवरून साथ दिली. माणसं उठली, एकमेकांना मिठ्या मारायला लागली, रहीममामा अबू सत्तारांना पापलेटचा भाव सांगायला लागले.

मुअम्मल तसाच उभा होता. त्याचे हात खाली येत नव्हते. खांदे वरच आखडून बसले होते आणि गडबडीत कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. इब्तिहालने पडदा सरकवला. आईने तिला अडवलं नाही. ती बैठकीत गेली, त्याच्यासमोर उभी राहिली, टाचा उंचावल्या आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी त्याच्याकडून घेतला.

घेतला आणि तिच्या हातातून तो सुटलाच होता. बूड चटका बसण्याइतकं तापलेलं होतं. तिने ओढणीचा पदर मधे घातला, तरी तिला धरवेना. पंख्याने आत वारा घातला होता, पण आतली सगळी आग तळाशी उतरली होती, आणि तळाशी त्याची बोटं होती. पणजोबा फावहून निघून दुसऱ्या बायकोपर्यंत पोचले होते तेवढा वेळ. तिने पटकन लॅपटॉप जमिनीवर, उघड्या फरशीवर ठेवला आणि त्याच्या हातांकडे बघितलं. बोटांची टोकं लाल झाली होती, दोनांवर फोड आले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"एवढं भाजत होतं," ती म्हणाली, "तर सांगायचं नाही का?"

"काका बोलत होते," मुअम्मल म्हणाला.